बैल जाण्याआधी झोपा करा
सदर : घरातले यंत्र



'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपल्याला कोणी शिकवायला नको. गोठ्याला झोपा लावायचा तो बैल आत असताना. बैल गेल्यावर लावलेला झोपा कितीही मजबूत असला तरी त्याचा उपयोग काय?

आज ज्या गोठ्याविषयी लिहायचे आहे, तो वितीएवढाही नाही. तो आपल्या खिशात असतो. त्यात बैल नाहीत, पण बँकेतला पैसा आहे, सोसायटीच्या कर्जाचे संदेश आहेत, सातबाऱ्याची नक्कल आहे, ई-पीक पाहणीची नोंद आहे, आणि लेकीच्या लग्नाचे फोटो आहेत. हा गोठा म्हणजे आपला मोबाइल.

या मोबाइलवर मधूनमधून एक सूचना येते : 'सिस्टिम अपडेट उपलब्ध आहे.' बहुतेक घरांत ती बोटाने बाजूला सारली जाते. कारणेही तशी खोटी नसतात. नेटचा पॅक संपेल, फोन अर्धा तास बंद राहील, मध्येच लाइट जाईल, काही बिघडले तर तालुक्याला हेलपाटा पडेल. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे, चालतोय ना, मग हात कशाला लावायचा? ही सूचना म्हणजे नक्की काय, ती कोण पाठवतो, ती का घ्यावी आणि घेताना कोणती काळजी घ्यावी, हे आज पाहू.

पाटावरचा माणूस

मोबाइलच्या पोटात जी मूळ व्यवस्था चालते तिच्या गाभ्याला 'कर्नल' म्हणतात. सैन्यातला कर्नलसाहेब तो हा नव्हे. उच्चार सारखा, शब्द वेगळा. इंग्रजीत बदामाच्या किंवा दाण्याच्या आतल्या गराला कर्नल म्हणतात. टरफल बाहेरून दिसते, पण सत्त्व गरात असते. तसेच हे आहे.

कर्नलचे काम समजायचे असेल तर कालव्यावरचा पाटकरी डोळ्यांसमोर आणावा. पाणी एकच, शेते अनेक. कोणाला कधी पाळी द्यायची, किती वेळ द्यायची, कोणाचे दार कधी बंद करायचे, हे पाटकरी बघतो. मोबाइलमध्येही गणित करणारे यंत्र मोजकेच असते आणि त्यावर हक्क सांगणारी अ‍ॅप अनेक असतात. बँकेचे अ‍ॅप, फोटो, गाणी, पोरांचा खेळ, सगळ्यांना आळीपाळीने पाळी देतो तो कर्नल. आणखी एक मोठे काम त्याच्याकडे असते. एका वाफ्यातले पाणी दुसऱ्या वाफ्यात फुटू द्यायचे नाही. खेळाच्या अ‍ॅपने बँकेच्या अ‍ॅपमध्ये डोकावायचे नाही, हा बांध कर्नल राखतो. म्हणूनच कर्नलमध्ये भगदाड पडले तर नुकसान एका वाफ्याचे होत नाही, सगळ्या रानाचे होते.

आपल्याकडच्या बहुतेक मोबाइलांत अँड्रॉइड ही व्यवस्था असते आणि तिच्या मुळाशी 'लिनक्स' नावाचा कर्नल असतो. फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरात लिनस टॉरव्हाल्ड्स नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. वय वर्षे २१. त्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले की आपण हौसेखातर अशी एक व्यवस्था लिहीत आहोत. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. १९९२ मध्ये त्याने ती अशा परवान्याखाली खुली केली की कोणीही ती पाहावी, वापरावी, बदलावी आणि वाटावी. अट एकच : बदलून दुसऱ्याला दिलीत, तर केलेला बदलही उघडा ठेवायचा. गावातल्या बियाण्यासारखे झाले हे. एकाने दिले, दुसऱ्याने पेरले, निवडून सुधारले, पुन्हा वाटले. आज त्या कर्नलमध्ये तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक याच कर्नलवर चालतो, आणि आपल्या घरातला सात-आठ हजारांचा फोनही याच्यावरच चालतो.

दरवर्षीची शाकारणी

जी वस्तू फुकट मिळते तिला निगा लागत नाही, असा एक समज असतो. तो इथे चालत नाही. कौलारू घर वडिलोपार्जित फुकट मिळालेले असले, तरी पावसाळ्याआधी शाकारणी करावीच लागते. माकडांनी कौल सरकवलेले असते, मांजराने फोडलेले असते, एखादा वासा वाळवीने खाल्लेला असतो. घर बांधणाऱ्याने काम वाईट केले म्हणून शाकारणी करावी लागते असे नाही. ऊन, पाऊस, वारा रोज चालू असतो म्हणून ती करावी लागते.

कर्नलचेही तसेच आहे. तीन कोटी ओळींत चुका राहणारच. शिवाय जगात रोज नवी यंत्रे येतात, नवे चोरही तयार होतात. म्हणून या कर्नलची शाकारणी बारमाही चालते. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. तिच्यात दहा हजारांहून अधिक लहानमोठे बदल असतात आणि हे बदल लिहिणारी माणसेही हजाराच्या वर असतात. त्यांतली पुष्कळशी मोठमोठ्या कंपन्यांत पगारावर असतात, काही निव्वळ आवडीने काम करतात.

पण दर दोन-अडीच महिन्यांनी नवा वाण सगळ्यांनाच परवडत नाही. म्हणून २००५ पासून वेगळी सोय आहे. निघालेल्या आवृत्तीत नवे काही न घालता नुसत्या दुरुस्त्या करून ती पुन्हा द्यायची. हे काम ग्रेग क्रो-हार्टमन आणि त्यांचे सहकारी पाहतात, आणि अशा दुरुस्त आवृत्त्या जवळजवळ दर आठवड्याला निघतात. काही निवडक आवृत्त्यांना तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ दुरुस्त्या पुरवल्या जातात. कर्नलचा क्रमांक वाचायची खूण यातच आहे. समजा क्रमांक ६.६.३० असा आहे. पहिले दोन आकडे म्हणजे वाण, आणि तिसरा आकडा म्हणजे त्या वाणावर झालेली कितवी डागडुजी. फोनमध्ये वाण सहसा जन्मभर तोच राहतो. वाढायला हवी ती डागडुजी.

मूळ दप्तरावर खाडाखोड

आता भगदाड म्हणजे काय, ते एका खऱ्या उदाहरणाने पाहू.

सातबारा मागितला तर तलाठी मूळ दप्तर आपल्या हाती देत नाहीत, नक्कल देतात. नकलेवर आपण काहीही गिरगटले तरी मूळ दप्तराला धक्का लागत नाही. कर्नलही असेच करतो. दोन कार्यक्रमांना एकच पान वाचायचे असेल तर दोघांना मूळ पान दाखवतो. पण त्यावर कोणी लिहायला गेला की त्याच्या हाती नक्कल देतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघड झाले की या व्यवस्थेत एक फट होती. घाईघाईने, अगदी नेमक्या क्षणी, पुन्हा पुन्हा धडका दिल्या तर नकलेऐवजी मूळ दप्तरावरच लिहिता येत होते. म्हणजे साध्या अ‍ॅपला घरमालकाचा अधिकार मिळवता येत होता. या दोषाला 'डर्टी काऊ' असे नाव पडले. नावात गाय असली तरी गाईचा संबंध काही नाही. 'लिहिताना नक्कल करा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवली की 'काऊ' होते.

ही फट २००७ पासूनच्या कर्नलमध्ये होती. म्हणजे नऊ वर्षे! अकरा वर्षांपूर्वी आपणच ही चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, पण तो नीट जमला नाही, असे खुद्द टॉरव्हाल्ड्स यांनी २०१६ च्या दुरुस्तीसोबत लिहून ठेवले आहे. उघड्या कारभाराचा हा फायदा. चूक कोणाची, कधीची आणि दुरुस्ती कोणती, हे कोणालाही पाहता येते. ती सापडली कशी, तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. एका जाणकाराने आपल्या सर्व्हरवर येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची नोंद ठेवली होती. त्या नोंदीत हल्ल्याचे हत्यारच सापडले. म्हणजे पहारेकऱ्यांना फट कळण्याआधी ती चोरांना कळली होती.

दुरुस्ती ताबडतोब निघाली. अँड्रॉइडसाठी ती २०१६ संपण्याआधी आली. मग प्रश्न मिटला का? नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे दुरुस्ती निघून जवळजवळ वर्ष झाल्यावर, ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की याच फटीतून फोनमध्ये शिरणारा एक घातक कार्यक्रम फिरत आहे. खेळ वगैरेंच्या वेषातल्या बनावट अ‍ॅपमधून तो येत होता. चाळीसहून अधिक देशांत तो सापडला, आणि सर्वाधिक फटका बसला होता चीनला आणि आपल्या भारताला. चीनमधल्या फोनांवरून तो संदेशांच्या मार्गे पैसे उकळत होता. इतर देशांत ती युक्ती चालत नव्हती, पण फोनचे मागचे दार मात्र तो उघडे करून ठेवत होता.

ज्यांनी वर्षभरात ती सूचना स्वीकारून फोन दुरुस्त करून घेतला होता, त्यांना ही फट उरली नव्हती. झोपा दाराशी आणून ठेवलेला होता. तो लावायचा तेवढा राहिला होता.

टेलचे शेत

पण इथे सगळा दोष फोन वापरणाऱ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. कालव्याचे पाणी ज्यांनी घेतले आहे त्यांना ठाऊक आहे की धरणातून पाणी सुटले म्हणजे ते टेलच्या शेताला पोहोचले असे होत नाही. मध्ये किती दारे, किती फाटे! दुरुस्तीचेही असेच होते. याचा चोख हिशेब एका दुसऱ्या प्रकरणात मिळतो.

जर्मनीत वेबसाइटी सांभाळणाऱ्या एका कंपनीत माक्स केलरमान हे काम करतात. एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्याकडे तक्रार आली की नोंदींची एक फाइल उघडत नाही. त्यांनी ती हाताने नीट करून दिली. काही महिन्यांनी पुन्हा तेच, मग पुन्हा तेच. बिघाड बहुधा महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या फाइलीत व्हायचा. त्यांनी आधी स्वतःचे कार्यक्रम तपासले, मग एकेक शक्यता वगळत गेले. अखेर १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उलगडा झाला की दोष कर्नलमध्ये आहे, आणि तो साधा नाही. जी फाइल फक्त वाचायला दिली आहे तिच्यावर या दोषामुळे लिहिता येत होते. पुन्हा तीच कथा : नक्कल मागायची आणि दप्तरावर लिहून जायचे. या दोषाला 'डर्टी पाइप' म्हणतात. तो ऑगस्ट २०२० मध्ये निघालेल्या ५.८ या आवृत्तीपासून शिरला होता.

आता तारखा पाहा. २० फेब्रुवारी २०२२ ला त्यांनी कर्नलच्या सुरक्षा मंडळाला कळवले, सोबत दुरुस्तीही दिली. २१ तारखेला हाच दोष गूगलच्या एका नव्या फोनवर करून दाखवला. २३ तारखेला दुरुस्त कर्नल जगासाठी खुला झाला. २४ तारखेला गूगलने तो अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये घेतला. धरणातून पाणी सुटायला अवघे तीन-चार दिवस लागले. ७ मार्चला दोषाची माहिती सर्वांसाठी जाहीर झाली, म्हणजे ती चोरांनाही कळली. आणि अँड्रॉइडच्या सुरक्षा-पत्रकात ही दुरुस्ती आली मे महिन्यात. त्यानंतर फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी ती आपापल्या फोनांसाठी तयार करून पाठवायची, आणि मग फोनवाल्याने ती स्वीकारायची.

हे सगळे फाटे एकदा मनात नीट बसवावेत. मूळ कर्नल, तिथून गूगल, तिथून फोनच्या मुख्य चिपची कंपनी, तिथून फोनची कंपनी, आणि शेवटी आपण. आपण टेलला आहोत. वरची दारे आपल्या हातात नाहीत. शेवटचे दार तेवढे आपल्या हातात आहे. पाणी आपल्या बांधापर्यंत आले आणि आपण दारच उघडले नाही, तर वरच्याला बोल लावून उपयोग नाही.

आणि पाणी बांधापर्यंत येतच नसेल तर? हा प्रश्न अधिक गंभीर आहे. फोनची कंपनी काही वर्षांनी दुरुस्त्या पाठवणे थांबवते. फोन चालूच राहतो. आवाज येतो, पैसे जातात-येतात, सारे ठीक दिसते. पण त्यानंतर सापडलेली प्रत्येक फट त्या फोनमध्ये कायमची उघडी राहते. स्वस्त फोनांत हा काळ बहुधा कमी असतो. पूर्वी दोन-तीन वर्षांत महागड्या फोनांच्याही दुरुस्त्या थांबत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या गूगलच्या पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मधल्या सॅमसंगच्या गॅलक्सी एस २४ ला सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे त्या कंपन्यांनी जाहीर केले. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे की फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे दुरुस्त्या पुरवाव्यात. तो नियम तिथला. आपण दुकानात उभे राहून स्वतःच विचारले पाहिजे. बैल घेताना आपण दात मोजतो. मग फोन घेताना कॅमेऱ्याबरोबर हेही विचारावे : 'याला सुरक्षा अपडेट किती साल मिळणार?' जुना फोन कोणी स्वस्तात देत असेल तर हा प्रश्न दोनदा विचारावा.

बिघडला तर?

'हात लावला आणि बिघडला' ही भीती अगदीच निराधार नाही. दुरुस्तीतूनही कधी बिघाड होतो, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन या प्रसिद्ध लिनक्स व्यवस्थेची १२.३ ही आवृत्ती निघायची होती. ऐन वेळी, ९ डिसेंबरला, कळले की तिच्यातल्या ६.१.६४ या कर्नलमुळे डिस्कवर साठवलेली माहिती खराब होऊ शकते. मंडळींनी ती आवृत्ती तिथेच रोखली, लोकांना सावध केले आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त कर्नलसह १२.४ ही आवृत्ती दिली.

यावरून कोणी म्हणेल की मग दुरुस्ती न घेतलेलीच बरी. पण शाकारणी करताना एखादे कौल फुटले म्हणून कोणी शाकारणीच सोडून देत नाही. वरची घटना सांगते ती एवढेच की शाकारणीआधी धान्याची पोती बाजूला सरकवून ठेवावीत. म्हणजे फोटो, कागदपत्रे, हिशेब यांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. मग दुरुस्ती बिनधास्त घ्यावी.

शिवाय व्यवस्थेनेही ही काळजी घेतली आहे. लिनक्सच्या संगणकावर नवा कर्नल आला तरी आधीचा बहुधा लगेच पुसला जात नाही. नव्याने संगणक सुरू झाला नाही, तर सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडून काम चालू ठेवता येते. पुष्कळशा नव्या अँड्रॉइड फोनांत तर दोन खण असतात. फोन चालू असतानाच नवी व्यवस्था दुसऱ्या खणात उतरते, आणि ती नीट सुरू झाली नाही तर फोन आपणहून पहिल्या खणावर परत येतो.

संगणक असेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या व्यवस्थेचा नेहमीचा मोफत आधार संपला. त्यामुळे जुन्या संगणकांवर लिनक्स घालून घेणारे वाढले आहेत. शाळा, वाचनालय, दूध संकलन केंद्र किंवा घरातला पोरांचा संगणक यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे, आणि खर्चही नाही. मात्र दुकानदाराने एकदा लिनक्स घालून दिले की काम संपले असे समजू नये.

यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. उदाहरणार्थ उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. दुसरी, कर्नल त्या व्यवस्थेच्या स्वतःच्या अपडेटच्या मार्गानेच येऊ द्यावा. कुठूनतरी सर्वांत मोठ्या क्रमांकाचा कर्नल आणून बसवायची हौस करू नये. वितरक मंडळी पुष्कळदा जुन्या क्रमांकाच्याच कर्नलला नव्या दुरुस्त्या लावून देतात, तेव्हा क्रमांक लहान दिसला म्हणून घाबरू नये.

तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात. अपडेट झाल्यावर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. नवा पाटकरी नेमला खरा, पण जुना पाटावरून उठलेलाच नाही, अशी स्थिती तोपर्यंत असते. नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो आणि काम जुनाच करत राहतो. महिनोन्महिने चालूच राहणाऱ्या संगणकांत ही अडचण हमखास असते.

सगळेच चोरांसाठी नाही

दुरुस्त्या केवळ चोरांसाठीच नसतात. एक उदाहरण सांगतो. जुन्या धाटणीची यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठरवतात. त्यांच्या मोजमापाच्या खणात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढेच सेकंद मावतात. तो खण भरणार आहे १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. त्यानंतर अशा यंत्रांचे कॅलेंडर उलटे जाऊन १९०१ साल दाखवू लागेल. लिनक्स कर्नलमध्ये यावरची मुख्य दुरुस्ती मार्च २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीपर्यंत पुरी झाली, म्हणजे संकटाच्या जवळजवळ अठरा वर्षे आधी. बैल आत असताना झोपा करणे म्हणतात ते हेच. पण ज्या जुन्या यंत्रांपर्यंत ही दुरुस्ती पोहोचणारच नाही, त्यांना तिचा काय उपयोग?

एवढे करावे

१. फोनच्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली 'फोनविषयी' असा भाग असतो. तिथे अँड्रॉइड आवृत्ती किंवा सॉफ्टवेअरची माहिती उघडली की 'सुरक्षा अपडेट' आणि त्याची तारीख दिसते. 'कर्नल आवृत्ती'ही तिथेच दिसते. तारीख तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर ठीक. वर्षापूर्वीची असेल तर अपडेट शोधावा.

२. महिन्यातला एक दिवस ठरवावा. पहिला रविवार म्हणा किंवा आठवडी बाजाराचा दिवस म्हणा. घरातल्या शाळकरी मुला-मुलीकडे हे काम द्यावे. आजीचा आणि आईचा फोन विसरू नये. त्यांच्या फोनवर निराधार योजनेचे, बचत गटाचे पैसे येतात.

३. अपडेट घेण्याआधी फोन निम्म्याहून अधिक चार्ज असावा. लाइट कधी जाते ते आपल्याला ठाऊक असतेच. त्या वेळी संगणकाला हात घालू नये. अपडेट सुरू असताना मध्येच यंत्र बंद करू नये.

४. महत्त्वाचे फोटो, पावत्या, हिशेब यांची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी.

५. अपडेट फक्त सेटिंग्जमधूनच घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा संदेशात 'अपडेट करा', 'योजनेचा हप्ता मिळवा' म्हणून आलेली फाइल किंवा दुवा कधीही उघडू नये. अगदी भावकीतल्या माणसाच्या नंबरवरून आला असला तरीही. कारण त्याचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

६. अपडेट झाल्यावर यंत्र एकदा बंद करून चालू करावे.

७. ज्या फोनला कंपनीच्या दुरुस्त्या येणे थांबले आहे, त्यावर बँकेचे आणि पैशांचे व्यवहार ठेवू नयेत. तो गाण्यांसाठी, नुसत्या बोलण्यासाठी खुशाल वापरावा. म्हातारा बैल आपण दारात ठेवतो, पण नांगराला जुंपत नाही.

बंधू-भगिनींनो, हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने लावलेले हे रोप आज जगभरची माणसे निगुतीने सांभाळत आहेत. कोणीतरी जर्मनीत दहा महिने एका बिघडलेल्या फाइलीचा माग काढतो, आणि त्याची दुरुस्ती चार पैसे न देता आपल्या बांधापर्यंत येते. ती आत घ्यायला लागतात पंधरा-वीस मिनिटे आणि थोडा नेटचा पॅक. तेव्हा आज रात्री जेवणे झाल्यावर घरातले सगळे फोन एका ठिकाणी आणा आणि प्रत्येकावरची ती तारीख एकदा पाहून घ्या.